देवाचे भय म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीत, बायबल अभ्यासात आणि घरोघरी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. संदर्भ कंसात आहेत. पवित्र शास्त्र शेजारी उघडे ठेवून वाचलेत तर जास्त उपयोग होईल, कारण या विषयात बहुतेक गोंधळ वचनाच्या मागचेपुढचे न वाचल्याने होतो.

देवाचे भय म्हणजे नेमके काय?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर सीनाय डोंगराच्या पायथ्याशी मिळते. मेघगर्जना होत आहे, विजा चमकत आहेत, शिंगाचा आवाज येतो आहे, डोंगर धुमसतो आहे. लोक थरथरत दूर उभे राहतात आणि मोशेला म्हणतात, तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरून जाऊ. मोशे त्यांना सांगतो, भिऊ नका. देव तुमची परीक्षा पाहायला आला आहे, त्याचे भय तुमच्यासमोर राहावे आणि तुमच्या हातून पाप होऊ नये म्हणून (निर्गम २०:१८-२०). म्हणजे एकाच दमात तो "भिऊ नका" म्हणतो आणि "भय राहू द्या" असेही म्हणतो.

ही दोन भये वेगळी आहेत. पहिल्यामुळे लोक देवापासून मागे सरले होते. दुसऱ्यामुळे त्यांनी पापापासून मागे सरावे, अशी मोशेची इच्छा आहे. देव पवित्र आहे, न्यायी आहे, सगळे पाहतो आणि तरीही दया करतो, हे खरे मानून त्याच्या मताला शेवटचे वजन देणे आणि तसे वागणे, याला शास्त्र देवाचे भय म्हणते. हे भय मनात असते, पण शास्त्र ते नेहमी वागण्यावरून ओळखते.

म्हणजे फक्त आदर ना? मग "भय" हा इतका कडक शब्द कशाला?

आदर त्यात आहेच, पण आदरावर थांबले तर बरेच काही सुटते. वादळात नाव बुडायला लागली तेव्हा शिष्य घाबरले होते. पण येशूने वारा शांत केल्यावर, धोका टळल्यावर, ते आणखीच घाबरले आणि एकमेकांना विचारू लागले की हा आहे तरी कोण (मार्क ४:३७-४१). पेत्राच्या जाळ्यात मासे मावेनात, तेव्हा तो येशूच्या पाया पडून म्हणाला, प्रभुजी, माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे (लूक ५:८). या दोघांना नुसता "आदर वाटला" असे म्हणता येत नाही.

शिवाय येशूने स्वतः न्यायाबद्दल सांगितले आहे. शरीराला मारणाऱ्यांची भीती बाळगू नका. मारल्यानंतर नरकात टाकण्याचा ज्याला अधिकार आहे त्याची बाळगा (लूक १२:४-५). हे तो "माझ्या मित्रांनो" अशी हाक मारून बोलतो. आणि पुढच्याच वचनांत सांगतो की दोन पैशांना विकल्या जाणाऱ्या पाच चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, तुमचे तर केससुद्धा मोजलेले आहेत, म्हणून भिऊ नका (१२:६-७). नरक आणि चिमण्या एकाच उताऱ्यात आहेत. उपदेशात यांपैकी एकच भाग सांगितला जातो तेव्हा ऐकणारे एक तर बेफिकीर होतात किंवा धास्तावतात.

"पूर्ण प्रीती भीती घालवून देते" असे लिहिले आहे. मग ख्रिस्ती माणसाने भय कशाला धरायचे?

हे वचन (१ योहान ४:१८) आधीच्या वचनाला धरून वाचा. तिथे न्यायाच्या दिवशी धैर्य असण्याचा विषय चालू आहे आणि भीतीचे कारण योहान स्वतःच सांगतो: भीतीत शासन, म्हणजे शिक्षा, आहे. म्हणजे प्रीती घालवते ती शिक्षेची धास्ती. जो ख्रिस्तात आहे त्याचा दंड वधस्तंभावर भरला गेला. आता त्याला "अब्बा, बापा" अशी हाक मारता येते, दासाची भीती पुन्हा धरायची नाही (रोम ८:१५).

पण त्याच बापाविषयी पेत्र लिहितो की जो पक्षपात न करता प्रत्येकाच्या कामाप्रमाणे न्याय करतो त्याला तुम्ही बाप म्हणता, तर आपल्या प्रवासाचा काळ भीतीने घालवा. कारणही देतो: तुमची सुटका सोन्यारुप्याने नव्हे, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली (१ पेत्र १:१७-१९). इथे भय सुटकेतून निघते. स्तोत्रकर्ता तर सरळ म्हणतो, तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून लोक तुझे भय धरतात (स्तोत्र १३०:४). हे वचन आम्हाला या सगळ्या विषयाचे केंद्र वाटते. क्षमा मिळाल्यावर भय संपायला हवे असे आपल्याला वाटते. स्तोत्र म्हणते, खरे भय तिथूनच सुरू होते.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहानाच्या याच पत्रावर उपदेश करताना बिशप ऑगस्टीनने दोन बायकांचे उदाहरण दिले. दोघीही नवऱ्याला भितात. एकीला भीती आहे की तो येऊन तिला परपुरुषाबरोबर पकडेल. दुसरीला भीती आहे की तो सोडून जाईल. पहिली म्हणते तो न आलेलाच बरा, दुसरी त्याची वाट पाहते. योहानाच्या वचनाने जाते ते पहिलीचे भय. दुसरीचे भय प्रीतीतलेच आहे.

माझे भय योग्य आहे की चुकीचे, हे कसे ओळखायचे?

भीतीने तुम्ही कुठे जाता ते पाहा. आदामाने देवाचा आवाज ऐकला, तो भ्याला आणि झाडांत लपला (उत्पत्ती ३:८-१०). तालांतांच्या (मोठ्या रकमांच्या) दाखल्यातल्या तिसऱ्या चाकराने तेच केले, फक्त त्याने पैसे लपवले: "तुम्ही कठोर माणूस आहात हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो" (मत्तय २५:२४-२५). मालकाने एकाला पाच, दुसऱ्याला दोन तालांत विश्वासाने हाती दिलेले आणि चांगल्या चाकरांना आपल्या आनंदात बोलावलेले त्याच दाखल्यात आहे. तरी या चाकराच्या मनातला मालक "न पेरले तिथे कापणारा"च राहिला. चुकीच्या भयाच्या मुळाशी बहुतेक वेळा देवाचे असे चुकीचे चित्र असते.

याच्या उलट मार्क ५:३३ मधली रक्तस्रावाची बाई भीत, कापत पुढे आली आणि तिने येशूला सगळे खरे सांगितले. भीती तिलाही होती. पण ती त्याच्याकडे आली. पाप झाल्यावर तुम्ही प्रार्थना टाळता, मंडळीत जायचे बंद करता, फोन उचलत नाही, असे होत असेल तर तुमचे भय आदामाच्या वळणावर आहे. कबुली द्यायला पाऊल पुढे पडत असेल तर ते या बाईच्या वाटेवर आहे.

देवाचे भय धरणारा माणूस रोजच्या व्यवहारात कसा ओळखावा?

प्रार्थना किती लांब, डोळ्यांत पाणी येते की नाही, यावरून नाही. शास्त्र ज्या जागी हा शब्द वापरते त्या जागा पाहिल्या की चित्र स्पष्ट होते.

लेवीय पुस्तकात "आपल्या देवाचे भय धर" ही आज्ञा पाच ठिकाणी येते. बहिऱ्याला शाप देऊ नको, आंधळ्यापुढे ठेच लागेल असे काही ठेवू नको (१९:१४). पिकल्या केसांच्या माणसापुढे उठून उभा राहा (१९:३२). जमिनीच्या खरेदी-विक्रीत एकमेकांना फसवू नका (२५:१७). कंगाल झालेल्या भावाकडून व्याज घेऊ नको (२५:३६). तुझ्याकडे राबणाऱ्यावर कठोरपणे अधिकार चालवू नको (२५:४३). पाचही ठिकाणी समोरचा माणूस दुबळा आहे, किंवा त्याला काय चालले आहे ते कळणार नाही. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही. व्याज भरणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. जिथे माणसाकडून जाब विचारला जाण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते, नेमके तिथे "देवाचे भय धर" असे लिहिले आहे. शेजारचेच वचन म्हणते की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको (१९:१३).

एकदा ही रेघ दिसली की ती सगळीकडे दिसते. मिसरात शिप्रा आणि पूवा या सुइणींना फारोने इब्री मुलगे मारून टाकायला सांगितले. त्यांनी देवाचे भय धरले आणि मुलगे जगवले (निर्गम १:१५-२१). शास्त्राने त्या फारोचे नाव दिलेले नाही, सुइणींची दिली आहेत. अमालेक या शत्रू टोळीने इस्राएलातल्या थकलेल्या, मागे राहिलेल्या लोकांवर हल्ला केला. मोशे म्हणतो, तिला देवाचे भय नव्हते (अनुवाद २५:१८). मलाखी संदेष्टा देवाचे भय न धरणाऱ्यांची यादी देतो, त्यात मजुराची मजुरी दाबणारे, विधवा आणि पोरक्यांना नाडणारे आणि परदेशीयाचा न्याय हिरावणारे आहेत (३:५). येशूच्या दाखल्यातला न्यायाधीश "देवाला भीत नसे आणि माणसाची पर्वा करत नसे", आणि त्याच्या दारात एक विधवा उभी आहे (लूक १८:२-३).

सर्वांत बारीक हिशेब नहेम्याने लिहून ठेवला आहे. तो यहूदाचा अधिकारी होता, १२ वर्षे. त्याच्या आधीचे अधिकारी लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल रुपे घेत. आजच्या मापात साडेचारशे ग्रॅमच्या आसपास चांदी. त्यांचे नोकरही लोकांवर दांडगाई करत. नहेम्याच्या मेजावर रोज १५० माणसे जेवत, एक बैल आणि सहा निवडक मेंढरे लागत, तरी त्याने हा हक्काचा भत्ता घेतला नाही. कारण एका ओळीत देतो: "मी देवाला भिऊन तसे केले नाही" (नहेम्या ५:१४-१८). भत्ता रिवाजाचा होता, आधीचे सगळे घेत होते, कोणी विचारलेही नसते.

हे सगळे जुन्या करारातले झाले. नव्या करारात भय उरले आहे का?

उरले आहे. मंडळी देवाच्या भयात आणि पवित्र आत्म्याच्या दिलाशात चालत वाढत गेली, असे प्रेषितांची कृत्ये ९:३१ सांगते. दोन्ही एकाच वाक्यात. इब्री १२:१८-२९ सीनाय आणि सीयोन (देवाचे स्वर्गीय नगर) यांची तुलना करते, आपण सीयोनाकडे आलो आहोत असे सांगते, आणि तरी शेवट करते तो "आपला देव भस्म करणारा अग्नी आहे" या शब्दांनी. आणि यशया ११:२-३ प्रमाणे परमेश्वराच्या भयाचा आत्मा खुद्द मशीहावर राहतो आणि त्याला त्या भयात आनंद वाटतो. जे प्रभू येशूमध्ये होते ते आपल्यासाठी जुने कसे होईल?

हनन्या आणि सप्पीरा यांना एवढी कठोर शिक्षा का झाली? दान कमी दिले म्हणून?

नाही, आणि दान मागताना ही गोष्ट धमकीसारखी वापरणे चूक आहे. या पती-पत्नीने जमीन विकली, काही पैसे मागे ठेवून उरलेले प्रेषितांपुढे आणले, आणि खोटे उघड झाल्यावर दोघेही तिथेच मरून पडले. पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते (प्रे. कृत्ये ५:४). थोडे ठेवून थोडे दिले असते आणि तसे सांगितले असते तर काहीच बिघडले नसते. दोघांनी ठरवून, सगळे दिल्याचा देखावा केला. अपराध खोटेपणाचा होता, रकमेचा नव्हे.

"भीत व कापत आपले तारण साधून घ्या" म्हणजे तारण कधीही हातचे जाईल का?

पौल हे फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहितो (फिलिप्पै २:१२). "साधून घ्या" हे अनेकवचनी आहे, साऱ्या मंडळीला उद्देशून. आधीचा परिच्छेद नम्रतेविषयी आहे, पुढचा भाग कुरकूर आणि वादविवाद न करण्याविषयी (२:१४), आणि चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींना तो एकचित्त व्हायला सांगतो. म्हणजे एकत्र राहताना जे जड जाते तिथे तारण जगून दाखवा, असा विषय आहे. आणि कापायचे कशाने? तेही लगेच सांगितले आहे: कारण इच्छा करणे आणि कृती करणे हे तुमच्यात साधून देणारा देव आहे (२:१३). देव इतका जवळ, आपल्या आत काम करत आहे, म्हणून कापायचे. तो सोडून जाईल म्हणून कापायला पौल सांगत नाही.

देवाचे भय आपोआप येते, की शिकता येते?

शिकता येते. "मुलांनो, या, मी तुम्हाला परमेश्वराचे भय धरायला शिकवीन" असे स्तोत्र ३४:११ म्हणते, आणि पुढच्या तीन वचनांत धडा देते: जीभ वाइटापासून आवर, ओठ कपटापासून आवर, वाईट सोडून बरे कर, शांतीच्या मागे लाग. पहिले दोन धडे तोंडाचे आहेत. सुरुवात तिथूनच करावी.

इस्राएलात शिकण्याच्या ठरलेल्या वेळा होत्या. दर सात वर्षांनी मांडवांच्या सणात सगळे नियमशास्त्र पुरुष, स्त्रिया, मुले आणि उपऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचे (अनुवाद ३१:१०-१३). राजाने स्वतःसाठी नियमशास्त्राची नक्कल लिहून घ्यायची आणि आयुष्यभर रोज वाचायची, म्हणजे भावांपुढे त्याचे मन चढून जाणार नाही (१७:१८-२०). आणि एक गोष्ट फार कमी सांगितली जाते: दशांश देवासमोर बसून, घरच्यांसह आनंदाने खायचा, "म्हणजे तू परमेश्वराचे भय धरायला शिकशील" (१४:२३-२६). पोटभर जेवून, आभार मानूनही भय शिकता येते.

आज घरी करता येईल अशी एक पद्धत सुचवतो. रात्री झोपण्यापूर्वी १० ते १५ मिनिटे पुरतात. आधी स्तोत्र १०३ मधली चार-पाच वचने मोठ्याने वाचा. दया आधी, तपासणी नंतर. हा क्रम उलटवू नका. मग लेवीयातल्या पाच आज्ञा स्वतःला विचारा. आज कोणाच्या पाठीमागे बोललो, जे त्याला कधी ऐकू येणार नाही? कोणाच्या अज्ञानाचा फायदा घेतला, जसे जुनी गाडी विकताना इंजिनातला दोष सांगितला नाही? घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे अर्ध्यावर तोडले का? अडलेल्याला उसने देताना त्याच्याकडून काही उकळले का? माझ्या हाताखालच्या माणसाला, घरकामाला येणाऱ्या मावशींना, हिशेबाबाहेर राबवले का? एखादा प्रश्न बोचला तर देवाजवळ नाव घेऊन कबूल करा आणि भरपाई कशी करायची ते ठरवा. लेवीय ६:१-५ मध्ये माप दिले आहे: घेतलेली मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. ५,००० बुडवले असतील तर ६,००० परत. जमेल तेवढे दुसऱ्याच दिवशी करा. येशू तर अर्पण वेदीजवळ ठेवून आधी समेट करायला पाठवतो (मत्तय ५:२३-२४).

यात तीन ठिकाणी घसरायला होते. भरपाई न करता नुसते वाईट वाटून घेणे ही पहिली जागा. मग तेच पाप दर आठवड्याला तितक्याच हळहळीने कबूल होत राहते. दुसरी म्हणजे ही प्रश्नावली नवऱ्यावर, सुनेवर, पाळकांवर चालवणे. तिसरी, चांगला दिवस गेला की स्वतःला गुण देणे. नीतिसूत्रे ८:१३ प्रमाणे देवाचे भय म्हणजे दुष्टाईचा द्वेष, आणि त्या दुष्टाईच्या यादीत पहिले नाव गर्वाचे आहे.

अयोग्य रीतीने घेऊ नये म्हणून मी प्रभुभोजनच घेत नाही. हे बरोबर आहे का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. या भीतीने अनेक जण वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून राहतात. १ करिंथ ११ मध्ये "अयोग्य रीत" कोणती होती ते पौलाने स्पष्ट लिहिले आहे: काही जण आधीच जेवून घेत, गरीब उपाशी राहत, कोणी तर पिऊन झिंगत असे (११:२१-२२). हा मंडळीतल्या गरिबांचा अपमान होता. उपायही लिहिला आहे: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि "मग खावे, प्यावे" (११:२८). परीक्षा करून घरी बसावे असे तिथे नाही. कोणाशी वैर असेल तर मिटवायला निघा, पाप लपवून ठेवले असेल तर कबूल करा, कॅथलिक असाल तर पापनिवेदन करा, आणि या. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत या वेळी डीकन (उपासनेतला सेवक) हाक देतो की देवाच्या भयाने, विश्वासाने आणि प्रीतीने जवळ या. भय धरून जवळच यायचे आहे.

माझ्याकडून अक्षम्य पाप झाले असे सारखे वाटते. मनात देवाविषयी घाण विचार येतात. काय करू?

मार्क ३:२२-३० वाचा. पवित्र आत्म्याची निंदा या पापाला क्षमा नाही असे येशू तिथे म्हणतो. येशू भुते काढत होता हे डोळ्यांनी दिसत असताना शास्त्री ते सैतानाचे काम म्हणत होते, जाणूनबुजून, आणि त्यांना त्याचे काहीच वाटत नव्हते. जो या पापाच्या विचाराने रडतो तो त्या शास्त्र्यांच्या जागी नाही.

नको असताना येणारे विचार म्हणजे पाप नव्हे. तरीही ते थांबत नसतील, तीच कबुली दिवसातून अनेकदा द्यावी लागत असेल, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत असेल, तर हा ओसीडी (नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या) आजाराचा प्रकार असू शकतो. त्यावर समुपदेशन आणि औषधे दोन्हींनी चांगला उपाय होतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. मंडळीत एकाच समजूतदार पाळकाशी किंवा फादरांशी बोला, दहा जणांकडून खात्री करून घेत फिरू नका. अशा आजारात खात्री विचारत राहिल्याने भीती वाढते. डॉक्टरकडे जाणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.

आजारपण, अपघात, धंद्यात खोट म्हणजे देवाचा कोप आहे का?

शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, तेव्हा ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते असे येशूने सांगितले (लूक १३:४). जन्मांधाच्या बाबतीतही "कोणी पाप केले?" हा प्रश्न त्याने बाजूला सारला (योहान ९:३). प्रत्येक संकटाला पापाची पावती जोडणे हे ईयोबाच्या मित्रांचे काम होते आणि देवाने त्यांना त्यासाठी दटावले (ईयोब ४२:७).

आपल्याकडे एक वेगळी भीतीही असते: करणी, नजर, बाहेरची बाधा. विश्वास ठेवल्यानंतरही ती मनात राहते आणि काही जण गळ्यातला क्रूस ताईतासारखा वापरतात. रोमकरांस पत्र ८:३८-३९ नीट वाचा. अधिपती, बले, उंची, खोली यांपैकी काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून दूर करू शकत नाही. आणि घरचे वेगळ्या श्रद्धेचे असतील, ते काळजीने काही विचारत असतील, तर त्यांच्या देवधर्माची टर उडवू नका. पेत्राने उत्तर देण्याची रीतही सांगितली आहे, सौम्यतेने आणि भीड राखून (१ पेत्र ३:१५-१६).

"लोक काय म्हणतील" ही भीती कशी जाते?

मनुष्याची भीती पाशरूप होते (नीतिसूत्रे २९:२५). या पाशात खुद्द पेत्र सापडला होता. अंत्युखियात तो परराष्ट्रीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली आणि त्यांना भिऊन तो पंगतीतून उठला, वेगळा बसू लागला (गलती २:११-१४). पंगत वेगळी होण्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. आपल्या मंडळ्यांत लग्न जमवताना जात विचारली जाते, तेव्हा तीच भीती काम करते, आणि तिथे गप्प बसण्याला सोशीकपणा म्हणू नये. ही भीती मन घट्ट करून जात नाही. देवाचे मत मोठे झाले की माणसांचे लहान होते. १ पेत्र २:१७ मध्ये वाटणी आहे: सर्वांना मान द्या, राजाला मान द्या, भय मात्र देवाचे धरा.

पुढारी "अभिषिक्ताला हात लावू नका, देवाचा कोप होईल" असे म्हणून प्रश्न विचारू देत नाहीत. काय करावे?

ते वचन स्तोत्र १०५:१४-१५ मधले आहे. तिथे देव राजांना दटावतो आहे, आणि "अभिषिक्त" आहेत ते परक्या देशात भटकणारे, संख्येने थोडे असलेले अब्राहाम, इसहाक आणि याकोब. म्हणजे वचन बलवानांना सांगते की दुबळ्यांना हात लावू नका. पुढाऱ्याने ते स्वतःच्या रक्षणासाठी वापरणे म्हणजे वचन उलटे धरणे. मंडळीच्या वडीलजनांवरचा (पुढाऱ्यांवरचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांच्या तोंडून ऐकावा, आणि पाप सिद्ध झाले तर सर्वांसमोर दोष दाखवावा, "म्हणजे इतरांना भय वाटेल" (१ तीमथ्य ५:१९-२०). पैशांचा हिशेब लेखी मागा, एकट्याने न जाता दोघे-तिघे जा. गुन्हा घडला असेल तर पोलिसांत जाणे हा देवाच्या माणसाचा द्रोह नाही.

हेच घरातही लागू आहे. "देवाचे भय धर आणि माझे ऐक" असे म्हणून मारहाण करणाऱ्या नवऱ्याला इफिसकरांस पत्राचा आधार नाही. तिथे सुरुवातच ख्रिस्ताच्या भयाने एकमेकांच्या अधीन होण्याने होते (५:२१). अशा घरातल्या बहिणीने १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करावा, आणि मंडळीने तिला "सहन कर" म्हणून परत पाठवू नये.

मुलांना देवाचे भय कसे शिकवावे?

"देव बघतोय, शिक्षा करील" असे म्हणून वरण-भात संपवून घेऊ नका. असा देव मुले मोठी झाल्यावर सोडून देतात. अनुवाद ६:२०-२५ मध्ये मूल विचारते की या आज्ञा कशासाठी, आणि बापाने सांगायचे उत्तर सुरू होते ते "आम्ही मिसरात दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर आणले" या आठवणीने; भय त्यानंतर येते, आणि तेही "आमचे निरंतर बरे व्हावे म्हणून". मुलाने खरे सांगितले तर शिक्षा कमी होते हे त्याला घरात दिसू द्या. तुम्ही चुकलात तर मुलाची माफी मागा. दुकानदाराने जास्त सुटे दिले तर ते परत करायला मुलालाच पाठवा.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवणीत याबाबत फरक आहे का?

मांडणीत आहे, गाभ्यात फारसा नाही. कॅथलिक परंपरा देवाचे भय पवित्र आत्म्याच्या सात दानांत मोजते आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) वेळी त्यासाठी प्रार्थना होते. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता लूथर याने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत आज्ञांचा अर्थ सांगताना "आपण देवाचे भय धरावे आणि त्याच्यावर प्रीती करावी" अशीच सुरुवात ठेवली. दासाचे भय आणि लेकराचे भय हा भेद दोन्हीकडे आहे.

वाचायला सुरुवात कुठून करू?

नहेम्या ५ पासून. १९ वचनांचा अध्याय आहे, एका बैठकीत होतो. नंतर निर्गम १ आणि २०, लेवीय १९ आणि २५, स्तोत्रे ३४, १०३ आणि १३०, लूक १२:१-३४, इब्री १२, आणि १ पेत्र पूर्ण. रोज एक अध्याय धरला तर पंधरा दिवसांत होईल. वहीत प्रत्येक अध्यायासाठी दोनच गोष्टी लिहा: इथे कोण कोणाला भितो आहे, आणि त्यामुळे तो काय करतो. चौघे-पाच जण मिळून वाचणार असाल तर गटात एक तरी अशी व्यक्ती घ्या जी दुसऱ्याच्या घरी किंवा शेतावर मजुरी करते, आणि लेवीय १९:१३ वर तिला आधी बोलू द्या.